ख्रिस्ती धर्मशास्त्रातला नरक: अधोलोक, गेहेन्ना, अग्निसरोवर आणि नंतरची परंपरा

वाळूघड्याळ (धागाकर्ता)

बायबलमधल्या नरकावर वाद सुरू झाला की वेगवेगळ्या काळातल्या कल्पनांची सरमिसळ होते. याकोबाच्या तोंडचं अधोलोक, येशूने सांगितलेला नरकाग्नी, प्रकटीकरणातलं अग्निसरोवर आणि मध्ययुगीन चित्रांतले शिंगवाले सैतान हे सगळं एकाच जागेचं वर्णन समजून माणसं भांडतात. म्हणून मूळ ग्रंथांपासून सुरुवात करतो. परंपरेबद्दल जाणकारांनी भर घालावी.

जुन्या करारात आहे तो शिओल. मराठी बायबलात त्यालाच अधोलोक म्हटलंय. तिथे सगळेच मृत जातात. योसेफ मेला असं समजून याकोब म्हणतो की मी शोक करत अधोलोकी माझ्या मुलाकडे जाईन (उत्पत्ति ३७:३५). इथे यातनांचा विषयच नाही. उपदेशक ९:१० म्हणतो की तिथे काम नाही, युक्ती नाही, ज्ञान नाही. स्तोत्र ६:५ मधली तक्रार अशी की तिथे देवाची आठवणही कोणी काढत नाही. यशया १४ मध्ये बाबेलचा राजा खाली उतरतो तेव्हा आधीचे मेलेले राजे उठून त्याला म्हणतात, तूही आमच्यासारखाच दुर्बळ झालास. अपमान आहे, पण आग नाही, छळ करणारा नाही, न्यायासनही नाही.

बदल दिसतो तो दानीएल १२:२ मध्ये. धुळीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण उठतील, काही सार्वकालिक जीवनासाठी आणि काही अप्रतिष्ठा व सार्वकालिक धिक्कार यांसाठी. बहुतेक अभ्यासक या ग्रंथाचं अंतिम रूप इ.स.पू. १६७ ते १६४ च्या यहुद्यांच्या छळाच्या काळातलं मानतात. कारण समजण्यासारखं आहे. नियमशास्त्र पाळलं म्हणून माणसं मारली जात होती. मारणारा आणि मरणारा दोघांचं शेवटी एकच ठिकाण, हे उत्तर आता पुरेना. त्याच सुमाराच्या यहुदी लिखाणात मृतांच्या जागेचे कप्पे पडू लागतात. हनोखाच्या पहिल्या ग्रंथाच्या २२ व्या अध्यायात पश्चिमेच्या डोंगरात मृतांच्या आत्म्यांसाठी वेगवेगळ्या पोकळ्या आहेत आणि नीतिमानांच्या पोकळीत प्रकाश व पाण्याचा झरा आहे.

येशू बोलतो ते या पार्श्वभूमीवर. त्याचा शब्द गेहेन्ना, म्हणजे यरुशलेमच्या दक्षिणेला असलेलं हिन्नोमाचं खोरं. नव्या करारात हा शब्द १२ वेळा येतो: मत्तयात ७, मार्कात ३, लूकमध्ये १ आणि याकोबाच्या पत्रात १. पौलाच्या पत्रांत आणि योहानाच्या शुभवर्तमानात तो एकदाही नाही. पौल मरण, नाश, क्रोध असे शब्द वापरतो. गेहेन्नावरचं जवळजवळ सगळं बोलणं येशूच्याच तोंडचं आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

---

पानगळ

उत्तम सुरुवात. हिन्नोमाचं खोरं म्हणजे यरुशलेमचा कचरा जाळायची जागा, तिथे रात्रंदिवस आग धुमसायची आणि म्हणून येशूने ते उदाहरण घेतलं, असं अनेक प्रवचनांत ऐकायला मिळतं. हे कितपत खरं?

---

शिलालेख

@पानगळ, याला आधार नाही. कचऱ्याच्या आगीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख रब्बी डेव्हिड किम्ही यांच्या स्तोत्र २७ वरील भाष्यात सापडतो, म्हणजे साधारण इ.स. १२०० चा, येशूनंतर जवळजवळ बाराशे वर्षांनी. पहिल्या शतकातला कोणताही लेखक असं सांगत नाही आणि उत्खननातही अशा अखंड जळणाऱ्या उकिरड्याचा पुरावा मिळालेला नाही.

त्या खोऱ्याचा खरा इतिहास याहून भयंकर आहे. तिथे तोफेत नावाच्या ठिकाणी मुलांना अग्नीत होमलं जायचं. आहाज आणि मनश्शे या यहूदाच्या दोन राजांनी आपले पुत्र तिथे अर्पण केल्याचं २ इतिहास २८:३ आणि ३३:६ मध्ये आहे. योशीयाने ती जागा भ्रष्ट करून टाकली, म्हणजे पुन्हा तिथे असा विधी होऊ नये अशी व्यवस्था केली (२ राजे २३:१०). पुढे यिर्मयाने जाहीर केलं की या खोऱ्याला वधाचं खोरं म्हणतील आणि पुरायला जागा उरणार नाही इतकी प्रेतं इथे पडतील (यिर्मया ७:३१-३२). येशूचे श्रोते हे ऐकत वाढले होते. त्यांच्या कानाला गेहेन्ना म्हणजे देवाने ज्याचा निवाडा जाहीर केलाय अशी जागा. उकिरड्याची गोष्ट सांगितली की हा सगळा संदर्भ पुसला जातो. लहानग्यांचं रक्त सांडलेली भूमी निव्वळ नगरपालिकेची सोय होऊन बसते, आणि म्हणून ती दंतकथा मला निरुपद्रवी वाटत नाही.

जाता जाता, याच खोऱ्यावरच्या उतारावर, केतेफ हिन्नोम इथल्या थडग्यांत १९७९ मध्ये चांदीच्या दोन बारीक गुंडाळ्या मिळाल्या. त्यांवर गणना ६:२४-२६ मधल्या आशीर्वादाचे शब्द कोरलेले आहेत. बायबलमधल्या मजकुराचा आजवर मिळालेला सर्वांत जुना लेखी नमुना तो हाच.

---

समास_टीप

मार्क ९ वाचणाऱ्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट. "त्यांचा किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही" हे वाक्य जुन्या छापील आवृत्त्यांत ४४, ४६ आणि ४८ अशा तीन वचनांत येतं. सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांत ते फक्त ४८ मध्ये आहे. नकलाकारांनी ते पालुपदासारखं आणखी दोनदा घातलं असावं. म्हणून आधुनिक आवृत्त्यांत ४३ नंतर थेट ४५ येतं किंवा मधलं वचन कंसात असतं. छपाईची चूक समजू नये.

आणि ते वाक्य मुळात यशया ६६:२४ चं आहे. तिथे किडा आणि आग प्रेतांना लागलेली आहे, जिवंत माणसांना नाही. पुढच्या वादात हा तपशील फार महत्त्वाचा ठरतो.

---

उंबरठा

मग लूक १६ चं काय? श्रीमंत माणूस ज्वाळेत तळमळतोय, लाजराने बोट पाण्यात बुडवून जिभेला लावावं म्हणून विनवतोय. हे तर उघडउघड यातनांचं वर्णन आहे.

---

वाळूघड्याळ

@उंबरठा, वर्णन यातनांचंच आहे, पण ते शेवटच्या नरकाचं नाही. या उताऱ्यात गेहेन्ना नाही, हेडीस आहे, म्हणजे अधोलोक. काळ बघा. श्रीमंताचे पाच भाऊ अजून घरी जिवंत आहेत. पुनरुत्थान झालेलं नाही, अंतिम न्याय झालेला नाही. म्हणजे हे मरण आणि न्याय यांच्या मधल्या अवस्थेचं चित्र झालं. प्रकटीकरण २०:१३-१४ मध्ये मृत्यू आणि अधोलोक आपल्यातले मृत बाहेर देतात आणि नंतर खुद्द अधोलोकच अग्निसरोवरात टाकला जातो. त्याअर्थी अधोलोकाला शेवट आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ख्रिस्ती शिकवणीत दोन टप्पे आहेत. मरणानंतर लगेचची अवस्था हा पहिला. देहाचं पुनरुत्थान आणि अंतिम न्याय झाल्यावरची कायमची स्थिती हा दुसरा. लूक १६ पहिल्या टप्प्याचं, मत्तय २५ दुसऱ्याचं. पहिल्यातलं वचन दुसऱ्याच्या पुराव्यासाठी वापरलं की उत्तर चुकणारच. शिवाय लूकमधला तो दाखला आहे. त्याचा रोख परलोकाच्या भूगोलावर नाही, दारात पडलेल्या भिकाऱ्याकडे रोज दुर्लक्ष करणाऱ्या श्रीमंतावर आहे.

---

तिसरी_बाजू

आता मुख्य प्रश्नाला हात घालू या. शिक्षा कायमची म्हणजे नेमकं काय? ख्रिस्ती लोकांत तीन भूमिका आहेत.

पहिली, अनंत काळ जाणिवेसह यातना. आधार मत्तय २५:४६, प्रकटीकरण १४:११ आणि २०:१०. पाचव्या शतकातला धर्मपंडित ऑगस्टीन याने 'देवाचे नगर' या ग्रंथाच्या २१ व्या भागात केलेला युक्तिवाद आजही तसाच मांडला जातो. मत्तय २५:४६ च्या एकाच वाक्यात सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन असं म्हटलंय. जीवन अंतहीन मानायचं आणि शिक्षा तेवढी संपणारी, हे चालणार नाही. पाश्चात्त्य चर्चमध्ये पाचव्या शतकापासून हीच भूमिका प्रमुख राहिली.

दुसरी, अंतिम नाश. दुष्ट शेवटी अस्तित्वातूनच जातात. मत्तय १०:२८ मध्ये देव आत्मा आणि शरीर या दोहोंचा गेहेन्नात नाश करू शकतो असं आहे. रोम ६:२३ मध्ये पापाचं वेतन मरण आहे. यहूदा ७ मध्ये सदोम सार्वकालिक अग्नीचं उदाहरण म्हणून दिलंय, आणि सदोम आज जळत नाही. त्या अग्नीचा परिणाम कायमचा. वर समास_टीप यांनी दाखवलेला यशया ६६ चा संदर्भही याच बाजूला जातो. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळीची ही अधिकृत शिकवण आहे. इव्हँजेलिकल वर्तुळात एडवर्ड फज यांनी १९८२ मध्ये यावर सविस्तर ग्रंथ लिहिला आणि १९८८ मध्ये जॉन स्टॉट यांनी, ठाम आग्रह न धरता, या मताकडे आपला कल असल्याचं छापील स्वरूपात मांडलं, तेव्हा मोठी खळबळ उडाली.

तिसरी, अखेर सर्वांचं तारण. आधार १ करिंथ १५:२८, कलस्सै १:२०, रोम ५:१८. तिसऱ्या शतकातला धर्मपंडित ओरिजेन याने ही दिशा दाखवली. शिक्षा ही वैद्याच्या शस्त्रासारखी, बरं करण्यासाठी असते, असं तो मानायचा.

माझं स्वतःचं मत दुसऱ्या बाजूचं आहे, पण प्रकटीकरण २०:१० तिथे अडचण करतं हे मान्य करायलाच हवं. "युगानुयुग रात्रंदिवस पीडा" हे शब्द सैतान, श्वापद आणि खोटा संदेष्टा यांच्याबद्दल आहेत. माणसांबद्दल नाहीत असं म्हणून सुटका होत नाही, कारण १५ व्या वचनात माणसंही त्याच सरोवरात जातात.

---

शिलालेख

ओरिजेनबद्दल एक खुलासा. "५५३ च्या परिषदेने सर्वतारणाचं मत पाखंड ठरवलं" असं सरसकट लिहिलं जातं. प्रकरण इतकं सरळ नाही. सम्राट जस्टिनियनने ५४३ मध्ये ओरिजेनविरुद्ध फर्मान काढलं. ५५३ च्या दुसऱ्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेच्या अकराव्या शापवचनात (म्हणजे औपचारिक निषेधात) पाखंड्यांच्या यादीत ओरिजेनचं नाव आहे. पण त्याच्या मतांवरची जी १५ शापवचनं प्रसिद्ध आहेत ती परिषदेच्या औपचारिक कामकाजाचा भाग होती की आधीच्या बैठकीतली, यावर इतिहासकारांत वाद आहे. शिवाय त्यांत सर्वांच्या पुनःस्थापनेची गाठ आत्मे देहाच्या जन्माआधीपासून अस्तित्वात होते या मताशी बांधलेली आहे. जवळपास तशीच आशा मांडणाऱ्या चौथ्या शतकातल्या बिशप न्यासाच्या ग्रेगरीला कोणत्याही परिषदेने दोषी ठरवलं नाही. तो आजही संत आहे.

---

दीपमाळ

कॅथलिक शिकवणीबद्दल फार चुकीचं बोललं जातं, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

१२१५ ची चौथी लॅटरन परिषद दुष्टांना सैतानाबरोबर कायमची शिक्षा मिळेल असं सांगते. १३३६ मध्ये पोप बेनेडिक्ट बारावे यांनी ठरवून दिलं की प्रत्यक्ष महापापात मरणाऱ्याचा आत्मा लगेच नरकात जातो, शेवटच्या दिवसाची वाट पाहत नाही. १४३९ च्या फ्लॉरेन्स परिषदेने शिक्षा सर्वांना सारखी नसते हे नमूद केलं.

महापाप ठरायला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकाच वेळी लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याचं पूर्ण ज्ञान हवं आणि जाणूनबुजून दिलेली संमती हवी. भीती, सक्ती, अज्ञान किंवा जडलेली सवय यांमुळे जबाबदारी कमी होऊ शकते. "अमुक केलं की नरक" असा तक्ता त्यामुळे बनवता येत नाही. बाहेरून फक्त पहिली अट दिसते. चर्च संत नावानिशी जाहीर करतं, पण नरकात कोण आहे हे नावानिशी कधीच जाहीर करत नाही.

तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी दोन प्रकारची वेदना वेगळी केली: देवाला गमावल्याची आणि इंद्रियांना होणारी. आजच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या परिच्छेद १०३३ ते १०३७ मध्ये भर पहिलीवर आहे. नरक म्हणजे देवापासून स्वतःला कायमचं वेगळं करून घेण्याची अवस्था, मुख्य शिक्षा देवाचा कायमचा वियोग, आणि देव कोणालाही नरकासाठी आधीच नेमत नाही. २८ जुलै १९९९ च्या भाषणात पोप जॉन पॉल दुसरे यांनी नरकाचं वर्णन जागेपेक्षा अवस्था म्हणून केलं. त्यावर "पोपने नरक रद्द केला" असे मथळे देणं साफ चूक आहे.

शुद्धीस्थान हा नरकाचा सौम्य विभाग नाही. तिथे पोहोचलेल्या प्रत्येकाचं तारण ठरलेलं असतं, फक्त शुद्धी व्हायची बाकी असते. २ मक्काबी १२ मधली मृतांसाठीची प्रार्थना हा त्याचा एक आधार. तो ग्रंथ प्रोटेस्टंट बायबलच्या प्रमाणग्रंथांत नाही, हे वादाचं एक मूळ.

बाप्तिस्मा न झालेली बाळं नरकात जातात का, हा प्रश्न कायम येतो. ऑगस्टीनने अत्यंत सौम्य शिक्षा म्हटलं. मध्ययुगीन पंडितांना ते सहन झालं नाही, म्हणून लिंबोची कल्पना पुढे आली, जिथे वेदना नाही पण देवाचं दर्शनही नाही. लिंबो हा कधीही बंधनकारक सिद्धांत नव्हता. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मज्ञान आयोगाच्या दस्तऐवजाने अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं मांडलं. बाळ गमावलेल्या आईबापांशी बोलताना आधी हे सांगावं. ऑगस्टीनचं वाक्य त्यांच्यापुढे टाकणं ही क्रूरता आहे.

---

पानगळ

दीपमाळ, आभार. आणि प्रोटेस्टंट?

---

तिसरी_बाजू

थोडक्यात: शुद्धीस्थान नाकारलं, नरक ठेवला. १५३० च्या लूथरन ऑग्सबर्ग कबुलीचं (म्हणजे श्रद्धेच्या जाहीरनाम्याचं) १७ वं कलम शिक्षेला शेवट आहे म्हणणाऱ्यांचा निषेध करतं. १६४६ ची वेस्टमिन्स्टर कबुली म्हणते की आत्म्यांसाठी स्वर्ग आणि नरक यांखेरीज तिसरी जागा शास्त्राला माहीत नाही. अँग्लिकनांची वाट जराशी वेगळी. १५५३ च्या ४२ कलमांतलं शेवटचं कलम सर्वतारणाचा निषेध करत होतं, दहा वर्षांनी यादी आखडली तेव्हा ते गळालं आणि ३९ कलमांत परत आलं नाही.

---

उंबरठा

प्रेषितांच्या मतांगिकारात, म्हणजे उपासनेत म्हणतात त्या श्रद्धेच्या कबुलीत, "अधोलोकात उतरला" असं आपण म्हणतो. येशू नरकात गेला असं यातून कबूल करायचं का?

---

दीपमाळ

नाही. तो मृतांच्या लोकात उतरला, शापितांच्या नरकात शिक्षा भोगायला नाही. ही ओळ सगळ्या जुन्या पाठांत नव्हती. इ.स. ४०४ च्या सुमारास रुफिनस लिहितो की ती रोमच्या मतांगिकारात नाही, पण त्याच्या अक्विलेया नगरातल्या पाठात आहे. नायसियाच्या मतांगिकारात ती आजही नाही. आधार म्हणून १ पेत्र ३:१९ आणि ४:६ दाखवतात, जरी ३:१९ मधले "तुरुंगातले आत्मे" कोण यावर एकमत नाही. प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विन याने अर्थच वेगळा लावला: क्रुसावर ख्रिस्ताने आत्म्यात सोसलेली देवत्यागाची वेदना म्हणजे हे उतरणं. लूथरनांच्या १५७७ च्या एकमत-सूत्रात विजयी उतरणं मान्य आहे, आणि ते कसं झालं याचा काथ्याकूट करू नये अशी तंबीही आहे.

---

सुवर्णपट

पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) चर्चमध्ये ही ओळ म्हणजे पुनरुत्थान सणाचा गाभाच. पुनरुत्थानाच्या चित्रात रिकामी कबर नसते. मोडून आडवी पडलेली दारं, विखुरलेली कुलपं आणि किल्ल्या, पायाखाली बांधलेला मृत्यू, आणि ख्रिस्त आदाम व हव्वा यांना मनगटाला धरून वर ओढतोय. इस्तंबूलच्या पूर्वीच्या खोरा चर्चमधलं (आता मशीद) भित्तिचित्र (साधारण १३१५ ते १३२१) पाहा. तळहात धरलेला नाही, मनगट धरलंय. ओढणारा एकटा तोच, मेलेल्याच्या हातात बळ नाही.

शिक्षेबद्दलही पूर्वेचा सूर निराळा आहे. सातव्या शतकातला निनवेचा इसहाक म्हणतो की गेहेन्नातल्यांना प्रेमाचे फटके बसतात. पापी देवाच्या प्रेमापासून वंचित होत नाही; त्याच प्रेमाविरुद्ध आपण पाप केलं ही जाणीव त्याला जाळते. १४३८ मध्ये फेरारा इथे ऑर्थोडॉक्स बिशप इफिसच्या मार्कने लॅटिन पंडितांच्या शुद्ध करणाऱ्या अग्नीला विरोध केला, पण मृतांसाठी प्रार्थना तो पूर्ण मानत होता. म्हणून "ऑर्थोडॉक्स शुद्धीस्थान मानत नाहीत, म्हणजे ते प्रोटेस्टंटांसारखे" हा निष्कर्ष काढू नये.

---

समास_टीप

मग सैतान नरकाचा राजा, हातात त्रिशूळ, पाप्यांना भाजतोय, हे आलं कुठून? बायबलमधून तर नाहीच. मत्तय २५:४१ मध्ये अग्नी सैतानासाठी आणि त्याच्या दूतांसाठी सिद्ध केलेला आहे. तो तिथला कैदी आहे, अंमलदार नाही.

पापागणिक शिक्षेची वर्णनं दुसऱ्या शतकातल्या 'पेत्राचे प्रकटीकरण' या ग्रंथापासून दिसतात. निंदा करणारे तिथे जिभेला टांगलेले आहेत. म्युराटोरी यादीत (मान्य ग्रंथांच्या एका प्राचीन यादीत) हा ग्रंथ मान्य ग्रंथांत आहे, पण आमच्यातल्या काहींना तो चर्चमध्ये वाचलेला नको आहे अशी पुस्तीही जोडलेली आहे. पुढे प्रमाणग्रंथांत तो आला नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीच्या 'पौलाचे प्रकटीकरण' मध्ये याच वर्णनांचा विस्तार झाला, आणि त्यात शापितांना रविवारी विश्रांती मिळते. मध्ययुगीन युरोपात हा ग्रंथ अफाट वाचला गेला. दान्तेने १३२० च्या आसपास पूर्ण केलेल्या महाकाव्यात नऊ वर्तुळं आहेत, पण तळाशी आग नाही, बर्फ आहे, आणि सैतान त्या बर्फात छातीपर्यंत गोठलेला आहे. त्रिशूळवाल्या राजासाठी दान्तेचाही दाखला देता येत नाही.

---

पानगळ

शेवटचा प्रश्न. एखाद्याला हा विषय स्वतः बायबल उघडून अभ्यासायचा असेल तर क्रम काय ठेवावा?

---

वाळूघड्याळ

आधी एक सावधगिरी. ज्या भाषांतरात शिओल, हेडीस, गेहेन्ना अशा वेगवेगळ्या मूळ शब्दांना एकच शब्द वापरलाय ते बाजूला ठेवा. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स आवृत्तीत शिओलला ३१ ठिकाणी नरक आणि ३१ ठिकाणी कबर म्हटलंय. केवळ त्यावर विसंबलात तर जुन्या करारात नसलेला नरक दिसू लागतो. शब्दसूची जवळ घ्या आणि वचनावर पेन्सिलीने मूळ शब्द लिहून ठेवा.

मग यिर्मया ७ आणि १९, यशया ६६:२४, दानीएल १२ वाचा. त्यानंतरच मार्क ९:४२-५०, आणि मत्तयातली सातही वचनं त्यांच्या पूर्ण अध्यायासकट. प्रत्येक ठिकाणी येशू कोणाशी बोलतोय हे लिहा. मत्तय ५ मध्ये भावाला मूर्ख म्हणणाऱ्याशी, १८ मध्ये लहानग्यांना अडखळवू शकणाऱ्या शिष्यांशी, २३ मध्ये शास्त्री-परूश्यांशी. परक्या धर्मातल्या लोकांना उद्देशून गेहेन्नाचा इशारा दिलाय असं एकही वचन सापडणार नाही. ऐकणारे सगळे आतले, बहुतेक धार्मिक. माझ्या मते या विषयावरचं कोणतंही प्रवचन तपासायची कसोटी हीच: बोलणारा हे शब्द समोर बसलेल्यांना लावतोय की गैरहजर असलेल्यांना?

मत्तय २५:३१-४६ स्वतंत्र वाचा. तिथे शब्द गेहेन्ना नाही, सार्वकालिक अग्नी आहे, आणि निकाल भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि कैद्याची भेट या सहा गोष्टींवर लागतो. पौलाचं २ थेस्सल १:९ त्याच्याशेजारी ठेवा. लूक १६ त्यानंतर, मधल्या अवस्थेचा दाखला म्हणून. प्रकटीकरण १९:२० ते २१:८ सर्वांत शेवटी, एका बैठकीत. तिथे २०:१४ आणि २१:८ मध्ये अग्निसरोवराची व्याख्या ग्रंथकारानेच दिलीय, "दुसरं मरण". वरच्या तीनही भूमिका या दोन शब्दांचा अर्थ वेगवेगळा लावतात, त्यामुळे कोणत्याही पक्षाचं पुस्तक हातात घेतलंत तर ते या दोन शब्दांबद्दल काय म्हणतं तेवढं आधी उघडून पाहा.